खांदेरीचा अपुरा तट



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाई भत्ता, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी आपली समजूत असावयाची. चालकांनीही विषय तोच सुचविला होता. आम्ही त्यांना म्हटले, त्या विषयावर आम्ही कारखान्याच्या फाटकापाशी वर्षभर बोलत असतो. येथे आम्हांला दिवाळीतल्या एका किल्ल्याविषयी बोलू द्या. त्यांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले, पण नाही म्हटले नाही, याबद्दल त्यांचे आभार.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही 'आम्ही' म्हणतो हा कोणी गर्व समजू नये. तीस वर्षे मागणीपत्रे लिहिता लिहिता 'मी' हा शब्द हातातून गेला तो गेला. आमची शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते रात्रपाळी संपल्यावर, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या बाकावर बसून. ती संस्था १८९३ सालची. तिच्या पंख्याखाली आमच्यासारखे कितीतरी अर्धशिक्षित जागे राहिले असतील आणि कितीतरी झोपीही गेले असतील. तेव्हा आमच्या इतिहासज्ञानात भोके आहेत. ती या कथेत पुढे दिसतीलच.

माजिवडा म्हटले की आज लोकांना उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब आठवतात. आमच्या लहानपणी माजिवडा म्हणजे आग्रा रस्त्याला घोडबंदरचा रस्ता जेथे फुटतो ते नाके, आगरी-कोळ्यांचे जुने गाव, बाळकुमच्या अंगाला खाडी, आणि भोवताली कारखान्यांचे भोंगे. दिवाळी आली की चाळीचाळीपुढे किल्ले उठत. माती शेताच्या बांधावरून पाटीने आणावयाची, दगड-विटा रचावयाच्या, त्यावर जुने पोते भिजवून टाकावयाचे, चिखलाने लिंपावयाचे आणि हळीव पेरावयाचे. चार दिवसांत डोंगर हिरवा होई. आता बांध नाहीत आणि शेतेही नाहीत. किल्ल्याची माती घोडबंदर रस्त्यावरच्या नर्सरीतून पोत्याच्या भावाने विकत आणावी लागते. माती विकत घेऊन स्वराज्य उभारण्याची पाळी आमच्या मुलांवर आली, असे आम्ही एकदा गमतीने म्हटले होते. कोणी हसले नाही.

ज्या कारखान्यात आमची संघटना होती तो ओतकामाचा कारखाना २०१६ साली बंद पडला. नाव सांगत नाही. प्रकरण न्यायालयात आहे. बंद करताना मालकांनी एक ठोक रक्कम देऊ केली. राजीनामा लिहून द्या, सही करा, पैसे न्या. आम्ही सल्ला दिला, सही करू नका. कायद्याने निघणारे देणे त्या रकमेहून पुष्कळ अधिक होते, आणि १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे निदान तेवढी बाब तरी तीस दिवसांत हातात पडावयास हवी होती. आमचा हिशेब बरोबर होता. सल्ला बरोबर होता की नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगवत नाही. ज्यांनी सह्या केल्या त्यांना पैसे मिळाले, ज्यांनी आमचे ऐकले त्यांना तारखा मिळाल्या. एका चाळीतली, एका साच्यावर वीस-वीस वर्षे काम केलेली माणसे दोन बाजूंना झाली. नळावर बायका एकमेकींशी बोलत, पण पुरुष बोलेनात. आणि दोन्ही बाजू आमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलत.

अशात २०१९ ची दिवाळी आली. विभागात किल्ल्यांची स्पर्धा जाहीर झाली होती. चाळीतल्या मुलांनी पत्र्याच्या शेडखाली जागा धरली. त्या वर्षी ऑक्टोबर उलटत आला तरी पाऊस हटत नव्हता. मुलांमधील एकाने विचारले, दरवर्षी प्रतापगड आणि रायगडच का? आपण खाडीकाठचे, आपला किल्ला पाण्यातला का नसावा? हा प्रश्न आम्हांला इतका आवडला की आम्ही चटकन म्हणून गेलो, मग खांदेरी करा, आणि नुसता किल्ला नको, १६७९ ची लढाई करा. बोलून चुकल्यावर माहिती पुरविण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले.

खांदेरीची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेस, अलिबागजवळच्या थळ गावासमोर दोन बेटे आहेत. मोठे खांदेरी, लहान उंदेरी. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांची माणसे खांदेरीवर उतरली आणि तट बांधू लागली. त्यांचा नायक मायनाक भंडारी. बरोबर दीडशेच्या आसपास माणसे आणि चार लहान तोफा. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा उठला, कारण खांदेरीवर बसलेल्याला मुंबईत शिरणारे प्रत्येक शीड मोजता येते. त्यांनी आधी निरोप पाठविले, मग जहाजे. सप्टेंबरात थॉर्प नावाचा त्यांचा एक अधिकारी बेटावर उतरावयास गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी तोंडावर आलेली असताना, पहाटेच्या वेळी दौलतखान चौलच्या बाजूने चाळीस-पन्नास गलबते घेऊन इंग्रजांवर चालून आला. इंग्रजांना नांगर उचलण्यापुरती उसंत मिळाली नाही. त्यांची 'डव्ह' नावाची गुराब शरण आली; तिच्यावरची माणसे सागरगडावर कैदेत गेली. पण केग्विन आणि मिंचिन यांच्या 'रिव्हेंज' जहाजाने तोफा चालू ठेवल्या, आणि अखेर मराठी गलबते मागे फिरली.

म्हणजे त्या दिवशी कोण जिंकले? मुलांनी हा प्रश्न केलाच. आम्ही सांगितले, त्या सकाळी धडपणे कोणीच नाही. खरी गोष्ट त्या सकाळीनंतरची आहे. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर चालणारी. वारा पडला की ती पाण्यावरच्या वाड्यासारखी उभी. आपली गलबते उथळ पाण्यातून, वल्ह्यांवर, रात्रीच्या काळोखात किनाऱ्याहून सुटावयाची आणि धान्य, दारूगोळा, माणसे बेटावर टाकून उजाडण्यापूर्वी परतावयाची. इंग्रजांनी पाहारा केला तरी हे बंद पडले नाही. नोव्हेंबरात जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीस आला, त्याने तोफा डागल्या. तट वाढतच राहिला. १६८० च्या जानेवारीत सिद्दी शेजारच्या उंदेरीवर जाऊन बसला, आणि इंग्रज मात्र त्याच साली समेट करून बाजूला झाले. खांदेरी महाराजांकडे राहिली. एप्रिलात महाराज गेले. त्यांच्या हयातीतले हे शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक.

आता देखाव्याकडे येतो. पहिले दोन दिवस मुलेच काम करीत होती. शेडच्या कडेला आमचे नाना बिडी ओढीत बसत. नाना पॅटर्नमेकर; म्हणजे लोखंड ओतण्यापूर्वी त्या वस्तूचा लाकडी नमुना करणारा कारागीर. या माणसाची पट्टीसुद्धा तुमच्या-आमच्या पट्टीसारखी नसते. बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसते, म्हणून त्याची पट्टी तितकीच लांब आखलेली असते. अशा माणसाला मुलांनी पुठ्ठ्याचे गलबत वाकडे कापलेले दोन दिवस पाहावे लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बिडी विझवली आणि मुलाच्या हातातली करवत काढून घेतली. नानांनी २०१६ साली सही केली नव्हती. संध्याकाळी गवंडी आले; त्यांनी सही केली होती. ते नानांशी बोलले नाहीत, मुलांशी बोलले: "पोरांनो, ह्या विटा अशा रचतात होय?" आणि मांडी घालून बसले. चौथ्या दिवशी आमचा मोल्डर आला, मग रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक शेजारी. मुलांचा किल्ला केव्हा बापांचा झाला ते कळलेही नाही. मुलांनी थोडी तक्रार केली आणि सामान आणून देण्याचे काम पत्करले.

पहिली अडचण मापाची. माणूस इंचभर धरला तर सारे सत्तरपटीने लहान करावे लागते. आणि थळपासून खांदेरीचे अंतर चार-पाच किलोमीटर. त्या मापाने आमचा समुद्र शेडमधून निघून पार नाक्याच्या सिग्नलपर्यंत गेला असता! नानांनी तोड काढली. पुढे बेट, त्यावरची माणसे अंगठ्याएवढी. मध्ये गलबते, त्यांतली माणसे पेराहून कमी. मागे थळचा किनारा, त्याची झाडे मोहरीएवढी. आणि त्याच्याही मागे कापडावर रंगवलेला सागरगडचा डोंगर. पाहणाऱ्याने पश्चिमेच्या समुद्रात उभे राहून पूर्वेकडे पाहावे अशी मांडणी. नानांना हे कोणी शिकविले नव्हते. पण १८२२ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसाने रंगविलेले पडदे आणि उजेड यांच्या जोरावर 'डायोरामा' नावाचा खेळ काढला, त्यातही डोळ्याला फसविण्याची हीच जात होती. पुढे त्याच गृहस्थाने छायाचित्रणाची एक पद्धत काढली.

दुसरी अडचण समुद्राची. मुलांनी आधी प्लास्टिक अंथरून खरे पाणी भरले. गलबते वाटेल तशी फिरू लागली आणि रात्रीत सगळे पाणी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यात गेले. मग रसायनवाल्या शेजाऱ्याने राळ ओतण्याची युक्ती सांगितली. ही राळ कडक होताना स्वतःच तापते. जाड थर एकदम ओतला तर तडकते, पिवळी पडते. म्हणून पातळ थर ओतावयाचा, तो थंड होऊ द्यावयाचा, मग दुसरा. राळ महाग, तेव्हा ती फक्त बेटाच्या पायाशी वापरली. बाकीचा समुद्र कागदाचा लगदा आणि प्लॅस्टर यांचा. रंगाची बाटली निळी आणली होती. ती नानांनी परत पाठविली. आमच्या किनाऱ्याचे पाणी पावसाळ्यानंतर निळे कोठे असते? ते हिरवट, गढूळ, ताकात कोथिंबीर वाटल्यासारखे. तसाच रंग दिला. तोफांचा धूर कापसाचा. बंदुकीच्या जुन्या दारूचा धूर पांढराच निघतो, त्यामुळे कापूस रंगवावा लागला नाही.

तिसरी अडचण माणसांची, आणि तीच सर्वांत मोठी. बाजारात दिवाळीला मावळे मिळतात. तलवारवाला मावळा, भालेवाला मावळा, तोफेजवळचा गोलंदाज, सिंहासनावरचे महाराज. हल्ली भाजीवाली आणि पाणी भरणारी बाईही मिळते. वल्हे मारणारा माणूस मिळत नाही. डोक्यावर धोंडा घेतलेला माणूसही नाही. ठाण्याच्या बाजारपेठेत आम्ही दुकान न् दुकान पाहिले. एका दुकानदाराने विचारले, "त्याला गिऱ्हाईक कोण?" त्याचेही खरेच. पण हिशेब करा. गलबताला साधारण चाळीस-पन्नास वल्ही. चाळीस गलबते धरली तरी नुसत्या वल्ह्यांना दीड-दोन हजार माणसे लागली. म्हणजे त्या सकाळी समुद्रावर तलवारवाल्यांपेक्षा वल्हेवाले बहुधा जास्तच असतील, आणि बाजारात त्यांतला एकही नाही.

आम्ही सात गलबते करावयाची ठरविली, प्रत्येकी बारा वल्हेकरी; एकूण चौऱ्याऐंशी माणसे. मोल्डरने त्यांचा साचा केला. एकतीस वर्षे त्याने पंपांची आणि झडपांची कवचे ओतली होती, आणि तीन वर्षे हात रिकामे होते. त्याने शाडूचा एक वल्हेकरी केला, त्याचा दोन भागांचा प्लॅस्टरचा साचा घेतला आणि दिवसाला वीस-वीस माणसे काढू लागला. बायकांनी ती रंगविली. एकीने म्हटले, सगळ्यांचे तोंड सारखेच. मोल्डर म्हणाला, "वहिनी, पाळी सुटताना आमचीपण सारखीच दिसायची."

येथे आमच्या मनात एका इंग्रजाची आठवण आली. वॉटर्लूच्या लढाईचा प्रचंड देखावा करणारा विल्यम सायबोर्न हा लष्करातला अधिकारी होता. १८३० साली त्याने काम घेतले, रणभूमीवर आठ महिने राहून मोजणी केली, आणि १८३८ साली लंडनमध्ये देखावा मांडला. त्यात शिशा-कथिलाची सुमारे पंचाहत्तर हजार माणसे होती. संध्याकाळी सात वाजता कोणती पलटण कोठे होती, हे त्याने हयात असलेल्यांना पत्रे लिहून विचारले. प्रशियन फौज कोठे दाखवावी यावरून त्याचे वरिष्ठांशी वाजले, आणि शेवटी त्याच्या पदरी कर्ज राहिले. त्याची चिकाटी पाहून आम्हांला आदर वाटतो. पण त्याने पत्रे लिहिली ती अधिकाऱ्यांना. पंचाहत्तर हजार मूर्ती करणाऱ्या माणसाला साध्या शिपायास विचारावे असे वाटले नाही. आम्ही हे मोठ्या ऐटीने शेडमध्ये सांगितले, आणि दोन दिवसांनी तेच आमच्यावर उलटले.

वसुबारसेचा दिवस. अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे वादळ उठले होते आणि मासेमारीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. आमच्यापैकी एकाचे सासरे थळच्या बाजूचे कोळी. होडी ओढून ठेवली, तेव्हा ते दिवाळीस लेकीकडे आले. त्यांना आम्ही देखावा दाखविला. त्यांच्या घरातून खांदेरी रोज दिसते. बेटावरच्या वेताळाला जाणाऱ्यांतले ते. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, "ही येळ कंची?" आम्ही म्हटले, पहाट. "मग वारा समुद्राकडनं कसा? सकाळी तर मतलई."

मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. रात्री जमीन लवकर निवते म्हणून तो पहाटे वाहतो, आणि दुपारी उलटा, खारा वारा येतो. हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते, परीक्षेतही लिहिले होते. पण 'रिव्हेंज'ची शिडे आम्ही किनाऱ्याकडे फुगविली होती, कारण तशी ती झोकदार दिसत. मग म्हाताऱ्याने एका गलबतात हात घातला, एक वल्हेकरी अंगठ्याने उलटा फिरविला आणि म्हणाला, "वल्हं असं वढत्यात."

आम्ही सर्व चौऱ्याऐंशी माणसे शत्रूकडे तोंड करून बसविली होती. वीरश्रीने. पण वल्हे ओढणाऱ्याची पाठ पुढे असते. तो जाईल तिकडे त्याला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त मागे सुकाणूवर बसलेला तांडेल. समोरून तोफा सुटत असताना पाठ करून त्यांच्या दिशेने जावयाचे, आणि तांडेलाच्या तोंडाकडे पाहून समजावयाचे की किती अंतर राहिले. शेडमध्ये कोणी बोलेना. मोल्डर उठला आणि एकेक माणूस सोडवून उलटा चिकटवू लागला. ते काम रात्री दोनपर्यंत चालले.

त्याच रात्री आमची दुसरी चूक बाहेर आली. म्हाताऱ्याने जाता जाता विचारले होते, दीपगृह कशाला? मुलांनी फोटोवरून किल्ला केला होता, त्यात बेटावरचे दीपगृह आले होते. ते १८६७ सालचे! ते काढणे सोपे होते. पण ते काढताना आमचे लक्ष तटाकडे गेले. गवंड्यांनी बुरुजांसकट पुरा तट उभा केला होता. रेघ न् रेघ सरळ, ओळंब्यात, जंग्या कोरलेल्या. चाळीतले लोक मुद्दाम येऊन पाहून जात. आणि १८ ऑक्टोबर १६७९ ला खांदेरीवर असा तट नव्हताच. काम सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. तट पुरा असता तर लढाईच कशाला झाली असती? सारे भांडण तो पुरा होऊ द्यावयाचा की नाही, याचेच होते.

आम्ही हे गवंड्यांना सांगितले. त्यांनी थापी खाली ठेवली. ते म्हणाले, "दादा, तुमच्या पुस्तकापायी आम्ही आणखी एकदा हातातलं घालवायचं का?"

श्रोतेहो, त्यांनी सही केली होती. त्यांनी आमच्या सल्ल्याने काही घालविले नव्हते. ते बोलले ते नानांच्या आणि मोल्डरच्या वतीने बोलले, हे तेथे सर्वांना कळले. तीन वर्षांत ती गोष्ट कोणी आमच्या तोंडावर काढली नव्हती. आम्ही उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. एवढेच म्हटले की तुम्ही सांगाल तसे. तट राहू द्यावयाचा तर राहू द्या, बक्षीसही मिळेल.

नानांनी तट पुष्कळ वेळ न्याहाळला आणि वरचे दोन थर काढले तर, असे विचारले. गवंडी उसळून म्हणाले, "मोडलेली भिंत आणि होत असलेली भिंत एक असते होय? वरचं काढलं तर पडकी दिसंल. चालू काम दाखवायचं तर पायापास्नं चालू कामच करावं लागतंय." तीन वर्षांत ते नानांशी बोललेले हे पहिले वाक्य. मग त्यांनी स्वतःच तट उतरविला. नवा रचताना एक टोक कमरेइतके, दुसरे गुडघ्याइतके. मध्ये बांबूची परांची, सुतळीची दोरी ताणलेली, बाजूला दगडांचा ढीग, चुन्याची घमेली. दोन माणसे बांबूवर टांगलेला धोंडा वाहून नेणारी. ती मोल्डरने रातोरात वेगळी केली. एका ठिकाणी तोफगोळ्याने पडलेले खिंडार, आणि त्याच खिंडारात भिंत पुन्हा रचणारा माणूस. तो गवंड्यांनी स्वतः केला. ओबडधोबड आहे, पण त्याच्या हातातली थापी बरोबर धरलेली आहे.

एक मूल हे सारे पाहत बसले होते. त्याने विचारले, "ह्यांना पगार मिळायचा का?" आम्ही त्याला १६७५ च्या जानेवारीतले महाराजांचे पत्र सांगितले. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्गाचे काम चालले होते. तेथील आरमारासाठी दौलतखान आणि दर्यासारंग यांना पैसा आणि धान्य पोचविण्याचा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास झाला होता, आणि त्याने ते पोचविले नाही. महाराजांनी त्याला फार कडक लिहिले. शत्रूला सामील झालास की काय, असा जाब विचारला, आणि जातीकडे पाहून गय होणार नाही हेही बजावले. माणसे पाण्यात उभी आणि त्यांचे देणे कचेरीत अडकलेले, ही गोष्ट तेव्हाही होती. फरक इतकाच की तेव्हा वरून असे पत्र येई. मुलाने विचारले, "मग तुमच्या कंपनीला असं पत्र कोण पाठवणार?" मोल्डर मोठ्याने हसला. आम्हीही हसलो.

परीक्षक लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आले. सज्जन माणसे, दिवसभर किल्ले पाहून दमलेली. त्यांनी गलबते वाखाणली, समुद्र वाखाणला. मग एकाने तटाकडे बोट करून विचारले, "पावसामुळे अपुरा राहिला वाटतं?" गवंडी पुढे झाले आणि त्यांनी १६७९ सालची सारी हकीकत पहिल्यापासून सांगितली; मायनाक भंडाऱ्यापासून मतलई वाऱ्यापर्यंत, आमच्यापेक्षा चांगली. परीक्षकांनी ऐकून घेतले. निकालात आम्हांला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. पहिला क्रमांक एका रायगडाला गेला. त्यावर विजेचे दिवे होते, आणि तो खरोखर छान होता.

किल्ले दिवाळीनंतर मुले फटाके लावून उडवितात, तशी आमच्याकडेही चाल आहे. या वेळी मोल्डरने उडवू दिला नाही. भाऊबीजेनंतर शेड रिकामी करावयाची होती. माती कुंड्यांत गेली. परांची मुलांनी मोडली. वल्हेकरी घरोघर वाटले. सही केलेल्यांच्या घरी आणि न केलेल्यांच्याही. एक गलबत बारा माणसांसह थळला गेले.

गेल्या साली, म्हणजे २०२५ च्या जुलैत, युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत खांदेरी आहे. बातमी आली त्या रात्री गवंड्यांचा फोन आला. ते आता गावी असतात. म्हणाले, त्या लोकांना कोणी सांगा, तट पुरा होण्याच्या आधीचा देखावा आमच्याकडं होता. नंतर विचारले, "मोल्डरचं झालं का?"

मोल्डरला २०२३ साली निम्मी रक्कम मिळाली. उरलेल्या रकमेची तारीख येत्या जून महिन्यात आहे. नानांचे नाव त्याच यादीत आहे.